बाळंतिणीची खिडकी

“त्या खिडकीला हात लावशील तर बघ, हौसा! हात मोडून हातात देईन.”

आक्का हे बोलली ते माझ्याकडं न बघताच. खिडकीच्या झडपांच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायचं तिचं काम चाललं होतं, आणि चिंधी आत सारायला तिनं चुलीपुढचं माझंच उलथनं उचललं होतं. मी उंबऱ्याच्या बाहेर, हातात अळिवाच्या खिरीची वाटी. खिडकी पार पलीकडच्या भिंतीला. मारुतीचं शेपूट असतं तरी पोचले नसते.

“मी काय बोलले का?” मी म्हटलं.

“बोलायच्या बेतात हुतीस. तुझं तोंड मला पाठ हाय.”

हे मात्र खरं होतं. आत कोंदट झालंय, एवढं मी म्हणणारच होते. मग काय, वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि गप मागं फिरले.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिची लेक विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आजऱ्याच्या दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली, मुलगा झाला, आणि घरी आल्यापासून मधल्या खोलीत बाजेवर होती. दिवस श्रावणाचे. आमचं गाव घाटाकडच्या अंगाला, तिथला पाऊस काय सांगावा! अंगावरचं लुगडं वाळायच्या आत पुन्हा भिजायचं. भिंतींना ओल, पिठाला ओल, माणसांच्या बोलण्याला ओल. अशात बाळंतिणीला ऊब पाहिजे, म्हणून बाजेखाली एक शेगडी आणि कोपऱ्यात दुसरी. कोपऱ्यातल्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर बाळाचे लंगोट वाळत टाकलेले. वरून ओवा-वेखंडाची धुरी. दार बंद, खिडकी बंद, आणि आता फटीसुद्धा बंद.

मला त्या खोलीत जायची बंदी होती. नव्यानं आलेली नव्हे, फार जुनी.

ह्याच खोलीत, ह्याच बाजेवर, विमलच्या आधी आक्काचा पहिला मुलगा झाला होता. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच केलेलं. मी तेव्हा नवी नवरी, हिरवा चुडासुद्धा उतरला नव्हता. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, मला बाळंतिणीजवळ बसवलं. बसता बसता माझा जीव घाबरा झाला, म्हणून मी खिडकीची एक झडप उघडली. सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि असा आवाज काढला की गल्ली गोळा झाली. झडप लावून घेतली. त्या दुपारी निजवलेलं पोर उठलंच नाही. आक्काही नंतर कितीतरी दिवस डोकं वर उचलत नव्हती. सगळे म्हणाले, दोघांना वारं लागलं, धाकटीनं खिडकी उघडली म्हणून.

मला कुणी मारलं नाही हो. घरातनं काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून आख्ख्या भावकीत कुणाकडं बाळंतीण असली की मला एकच वाक्य ऐकू यायचं: “हौसा, तू जरा चुलीकडं बघ.” बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती, मी पुऱ्या तळायला. माझी स्वतःची दोन बाळंतपणं माझ्या माहेरी झाली म्हणून, नाहीतर माझ्याच लेकरांना हात लावायला मला परवानगी लागली असती! मी एरवी तोंडाळ. सरपंचालाही सोडलं नाही कधी. पण ह्या एका गोष्टीत मला तोंड नव्हतं, कारण मलाही तसंच वाटायचं. खिडकी मीच उघडली होती की नाही?

तर यंदाची गोष्ट.

विमल घरी आली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. मळमळ, चक्कर, अन्नावर वासना नाही. आक्का म्हणाली, “वारं लागलंय.” फटी बुजवल्या, शेगडीत आणखी कोळसा घातला. डोकं वाढलं. आक्कानं आणखी फटी शोधल्या. हे असं चाललं होतं.

कोळसा मात्र झकास होता. यंदा थोरल्यांनी बाजारातनं पोतंच आणलं होतं. आक्काच्या मालकांना आम्ही थोरले म्हणायचो. ओली लाकडं घातली की शेगडी धुमसायची, बाळंतिणीच्या डोळ्यांना धूर लागायचा, मग दार उघडून पदरानं हवा घालत बसावं लागायचं. कोळशाचं तसं नव्हतं. अंगणात पेटवला, लाल झाला, आत नेऊन ठेवला. धुराचं नाव नाही. “कशी गुणाची शेगडी हाय बघ,” आक्का म्हणायची, “दार म्हणून उघडाया लागत न्हाई.”

सकाळी विमलला अंघोळीला न्हाणीघरात आणायचे, ते माझ्या स्वयंपाकघराला लागून. तेवढाच आमचा भेटायचा वेळ. त्या दिवशी कढत पाण्याचे तांबे घेऊन झाले आणि विमल तिथल्या पायरीवर बसून म्हणाली, “काकू, भूक लागली गं. भाकरी दे. ठेचा असला तर तोबी.”

“ठेचा? तुझी आई माझाच ठेचा करील.”

हसली पोरगी. तूप लावून अर्धी भाकरी दिली, ती तिनं दोन घासांत संपवली. तोंडावर तरतरी आली होती. मी विचारलं, “डोकं कसं आहे?”

“आता बरं हाय. आत गेलं की पुन्हा धरतंय. कुणी दोरी आवळल्यागत. आणि झोप अशी येती की बाळ रडलं तरी कळत न्हाई.”

“आत गेलं की?”

“व्हय. हितं मागच्या दाराजवळ बसलं की जातंय.”

तेवढ्यात आक्का आली, मागचं दार उघडं बघून तिचं डोकं फिरलं, आणि ती विमलला धाबळीत गुंडाळून घेऊन गेली. जाता जाता मला म्हणाली, “ऊन पाण्यानं बरं वाटतंय तिला. तू नसत्या चौकश्या करू नगं.”

मी तांबे उचलले. पण ते ‘आत गेलं की’ मला काही केल्या पचेना.

मग आली तुळसाक्का. ही शेजारची, आख्ख्या गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणारी. हात असा की दगडालाही झोप लागावी, आणि तोंड असं की झोपलेला जागा व्हावा. त्या दिवशी तिला उशीर झाला होता, म्हणून अंघोळीनंतरच मालिश करून ती बाहेर आली आणि चुलीपुढं मटकन बसली. कपाळाला फडकं.

“हौसा, च्या टाक बाई. कडक. डोकं फुटायलंय.”

“तुमचं पण?”

“रोजचंच झालंय हे. हितं आलं की धरतंय, घरी गेलं की उतरतंय. तुमच्या घरात काय हाय काय की!”

मी आधणात पत्ती टाकायची ती हातातच राहिली.

“तुळसाक्का, तुमचं शेवटचं बाळंतपण कधी झालं?”

“आँ?” तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मलाच काहीतरी झालंय. “माझा धाकटा मिलिटरीत लागलाय की गं.”

“मग तुम्हाला बाळंतवारं कसं लागलं?”

तुळसाक्कानं कपाळावरचं फडकं सोडलं. मी पुढं विचारलं, “आक्काचं डोकं?”

“ती बी फडकं बांधून बसलीया. दोनदा ओकारी आली म्हणाली.”

“आणि बाळ?”

“बाळ गुणाचं हाय बाई. आज मालिश केली तर एवढंसं बी रडलं न्हाई. लोळागोळा पडून हुतं.”

 मालिश करताना न रडणारं पोर मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि तुळसाक्काच्या हाताखाली? तिच्या हाताखाली पैलवान रडले असते.

आधण तसंच उकळत ठेवलं. मी उठले आणि थेट मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. उंबरा ओलांडला नाही, पण आवाज काढला.

“आक्का, त्या शेगड्या बाहेर काढा.”

तेव्हा मी तिला तुम्ही म्हणायची. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे तांबारलेले.

“काय म्हणालीस?”

“शेगड्या बाहेर काढा म्हणाले, आणि खिडकी उघडा. विमलचं डोकं, तुळसाक्काचं डोकं, तुमचं डोकं. तिघींना एकदम वारं लागलं? आणि ते आलं कुठनं, सांगा की! फट तर एक ठेवली न्हाई तुम्ही. जे काय आहे ते ह्या खोलीतच आहे. माझ्या चुलीपाशी मी दिवसभर धूर खाते, माझं कधी दुखत न्हाई.”

आक्का भिंतीला धरून उठली. चालताना तिचा तोल जात होता, हे मला दिसत होतं. दारापाशी आली, एका हातानं चौकट धरली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “एक घेतलंस. आता दुसरं घ्यायला आलीस व्हय?”

आणि दार माझ्या तोंडावर लावून आतनं कडी घातली.

इतक्या वर्षांत हे वाक्य घरात असायचं, भिंतीत ओल असते तसं. पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं गेलं. मी चुलीपाशी येऊन बसले आणि फुंकणी घेऊन फुंकत राहिले. चांगला भडकलेला जाळ होता, फुंकायची काही गरज नव्हती. पण डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलता येतं ना! तुळसाक्का चहा न पिताच उठली. “मी बोलायला नगं हुतं,” म्हणाली आणि घरी गेली.

चुलीकडं बघत बसले. वर धुराडं, मागं दार सताड उघडं, ओलं लाकूड धुमसलं की धूर त्या दारानं जायचा. धूर झाला की माणूस उठून दार उघडतं. आत कोळशाला धूरच नव्हता, म्हणून दार उघडायला कुणी उठतच नव्हतं. हे माझ्या डोक्यात नुसतं फिरत राहिलं. हे कोणाला पटवायचं? पुरुषमाणसं सगळी भाताच्या लावणीला ओढ्यापलीकडं गेलेली. घरात आम्हीच.

दुपार झाली. आक्काला जेवायला हाक मारली, ओ नाही. रागात असेल म्हटलं. वाटीत वरणभात घालून दारापाशी नेला.

“आक्का, विमलचं जेवण आणलंय. मी खाली ठेवून जाते.”

काही नाही.

“विमल! अगं विमल!”

कौलांवर पाऊस वाजत होता, बाकी आवाज नव्हता. दाराला कान लावला. बाजेची करकर नाही, कुणाचं कूस बदलणं नाही. आणि मग मला ध्यानात आलं, सकाळपासून त्या पोराचा आवाज म्हणून मी ऐकला नव्हता. एवढंसं पोर, भूक लागली तरी रडत नाही?

 खरंच सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात आधी भीती वाटली ती माझीच. समजा आत तिघं नुसतीच निजलेली असली, आणि मी त्या खिडकीला पुन्हा हात लावला, आणि उद्या पोराला साधी सर्दी झाली तरी? मग ह्या घरात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. नवऱ्यानंसुद्धा मान खाली घातली असती. आणि समजा निजलेली नसली?

मी स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात भात कांडायचं मुसळ उभं होतं, टोकाला लोखंडी कडं, म्हणजे वसवी असलेलं. ते उचललं आणि मागच्या दारानं परसात उतरले. वळचणीचं पाणी डोक्यावर पडत होतं. खिडकीला बाहेरून लाकडी गज आणि आत झडपा. दोन गजांच्या मधनं मुसळ घातलं आणि दिला दणका.

चिंध्यांनी झडप धरून ठेवली होती. काय कोंबल्या होत्या आक्कानं! दुसरा दणका, तिसरा. “उघड रांडे!” मी त्या झडपेला म्हणाले, आणि सगळं अंग घालून असं हाणलं की अडसर मोडून ती सताड आत उघडली.

गरम हवा तोंडावर आली. धूर नाही. वास म्हणावा तर ओव्याचा. गजांतनं आत बघितलं, तर आक्का भिंतीला बसल्या बसल्या मान टाकलेली. विमल बाजेवर, तोंड उघडं. तिचे गाल लालबुंद, बघणाऱ्याला वाटावं तब्येत सुधारली. बाळ तिच्या कुशीत, धाबळीत पार बुडालेलं.

“आक्का! आक्का, ऊठ! आक्के!”

मुसळ घेऊन घरात पळाले. दाराचा कोयंडा जुना होता, दोन घावांत निघाला. ज्या खोलीचा उंबरा मी इतकी वर्षं ओलांडला नव्हता तो कधी ओलांडला ते मला कळलंसुद्धा नाही.

आधी बाळ. उचललं, तर मान लोंबली. पळत बाहेरच्या ओट्यावर आणलं, धाबळी सोडली आणि त्या भर श्रावणातल्या वाऱ्यात त्याला उघडं धरलं. पावसाचे तुषार त्याच्या तोंडावर उडत होते. माझ्या सासूबाई असत्या तर जागच्या जागी जीव गेला असता त्यांचा! पाठीवर चोळलं, तळवे चोळले, तोंडावर फुंकर मारली. “रड की रे! रड माझ्या सोन्या, रड! तुझ्या आजीला शिव्या दे, मला दे, पण रड!”

हू नाही की चू नाही.

पुन्हा फुंकर. पुन्हा पाठ. आणि मग त्यानं एक आचका दिला. मग एक उचकी. मग तोंड वाकडं केलं, आणि असं भोकाड पसरलं म्हणता! ओढ्यापलीकडं ऐकू गेलं असेल. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. त्याला धाबळीत गुंडाळून ओट्यावरच्या सुपात ठेवलं आणि पुन्हा आत पळाले.

विमलला वाकळेसकट ओढत आणलं. आक्काला बगलेत हात घालून. आक्का काय हलकी नव्हती हो! वाटेत दोनदा आम्ही दोघी पडलो. शेवटी शेगड्या. पदरानं धरून एकेक परसात भिरकावली. पावसात चर्र झालं आणि त्या गुणाच्या शेगडीतनं तेव्हा पहिल्यांदा धूर निघाला.

माझा आरडाओरडा ऐकून तुळसाक्का धावत आली आणि ओट्यावरचा देखावा बघून तिनं तोंडावर हात मारला. “अगं बाई! बाळंतीण वाऱ्यात!”

“वाऱ्यातच ठेवायची आहे! तुम्ही फाट्यावर पळा, दुधाची गाडी अडवा. आजऱ्याला न्यायचंय.”

तुळसाक्का पळाली. ह्या वयात अशी पळाली की मी बघतच राहिले.

विमलनं डोळे उघडले, ओकली, आणि पहिला शब्द बोलली, “बाळ?” बाळानं सुपातनं स्वतःच उत्तर दिलं. मग आक्का हलली. तिनं मान उचलली आणि बघितलं: पाऊस, उघडा ओटा, ओली लेक, सुपात नातू, आणि मध्ये केस सुटलेली मी. ती पुटपुटली, “पुन्यांदा... पुन्यांदा वारं लावलंस...”

“व्हय, लावलं!” मी म्हणाले. “ऐक, तुझा नातू कसा रडतोय ते. कान उघडे ठेवून ऐक. आणि तूसुद्धा वारं खा, आक्का. पोटभर खा.”

त्या दिवसापासून मी तिला तुम्ही म्हटलेलं नाही.

दवाखान्यात तिघांना नाकाला नळ्या लावल्या. डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बंद खोलीत निखारा जळत राहिला की विषारी हवा तयार होते. दिसत नाही, वास येत नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच जातं. अजून थोडा उशीर झाला असता तर एकही हाताला लागलं नसतं. शेगडी कुणी बाहेर काढली?”

तुळसाक्कानं माझ्याकडं बोट दाखवलं, जसं काही मला पकडून आणलं होतं.

आक्का पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं झोपली. डॉक्टर निघाला तेव्हा ती एकदम म्हणाली, “डाक्टर, ह्यानं लहान पोर आधी जातं?”

“हो,” तो म्हणाला. “लहान जीव, आधी त्यालाच लागतं.”

आक्का भिंतीकडं तोंड करून वळली. 

घरी आल्यावर विमलला आणि बाळाला पुढल्या सोप्यात ठेवलं, तिथं दोन खिडक्या. मी भाकरी थापत होते. आक्का आली आणि चुलीसमोर, माझ्याजवळ पाटावर बसली. 

“तू झडप उघडलीस ना, तवा तो रडत हुता,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, ती कुठल्या दिवसाचं बोलतेय.

“त्या दिशी गं. माझा पहिला. तू झडप उघडलीस तवा चांगला मोकळ्या गळ्यानं रडत हुता. मग आत्ती आल्या. झडप लावली. गार वारं आत आलंय म्हणून शेगडीत चुलीतलं निखारं आणून आणखी भरलं, वरपतूर. आणि तो गप झाला. आत्ती म्हणाल्या, ऊब लागली, निजलं.” तिनं एक लाकूड जाळात सारलं. “मी बी म्हटलं, निजलं.”

माझे हात पिठात तसेच. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली.

“इतकी वर्सं मी म्हणत आले, खिडकी उघडली म्हणून गेला. तो खिडकी लावली म्हणून गेला, हौसा. तू उघडी ठेवली असतीस तर आज माझा केवढा मोठा ल्योक असता.” आणि मग ती माझ्या गळ्यात पडून जी रडली! त्या पोरासाठी ती तेव्हा रडली नसेल एवढी. मीही रडले. माझ्या छातीवर एक धोंडा होता, तो आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. तो उचलला गेला तेव्हा कळलं, केवढा होता.

शेवटी मीच म्हणाले, “सोड आता. भाकरीचा कोळसा झालाय, आणि कोळसा ह्या घरात नको.”

आक्का हसली. नाक पुसलं, उठली, कोयता घेतला आणि मधल्या खोलीत गेली. ठाकठूक ऐकू आली. बघते तर तिनं खिडकीच्या दोन्ही झडपा बिजागरीसकट उपसून काढलेल्या. परसात नेऊन कोयत्यानं ढलप्या पाडल्या आणि आणून माझ्या चुलीपुढं टाकल्या. “घाल,” म्हणाली.

संध्याकाळी थोरले आले आणि हळहळले. “अगं, सागवान हुतं ते!”

“सागवान मोठं का नातू मोठा?” आक्कानं विचारलं. थोरले हात धुवायला गेले.

त्या सागवानावर आम्ही विमलच्या अंघोळीचं पाणी तापवलं. काय कढत निघालं पाणी!

त्यानंतर आक्काचं जे झालं ते गावानं बघितलं. कुणाच्या घरी बाळंतीण आली की आक्का हजर. नारळ, साखर काही नाही, आधी सरळ खोलीत जाऊन खिडकी उघडायची. “निखारा आत ठेवायचा तर खिडकी उघडी, दार उघडं, आणि जागं माणूस शेजारी. निजताना शेगडी घराबाहेर. ऊब पाहिजे तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्या, वाकळ दोन घाला. कुणाचं डोकं दुखलं तर आधी बाहेर पळायचं, औषध मागनं.” एखाद्या सासूनं वाऱ्याचं नाव काढलं की आक्का कमरेवर हात ठेवायची. “वाऱ्यानं माझं वाचलं, बाई. उबेनं गेलं.” ह्याच्यापुढं कुणाची टाप होती बोलायची?

पण त्याआधी आलं विमलच्या बाळाचं बारसं, आणि मी सवयीनं पुऱ्यांची कढई चढवली. सोप्यात पाळणा सजलेला, भावकीतल्या बायका जमलेल्या, विमलची सासरची मंडळी आलेली. बाळाला पाळण्याखालून ह्या हातातनं त्या हातात द्यायची वेळ झाली. एका बाजूला आक्का उभी. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

“हौसा!” आक्काची हाक आली. हाक कसली, आरोळीच.

“पुऱ्या तळतेय!”

“राहू देत पुऱ्या. तुळसाक्का, तुम्ही जरा चुलीकडं बघा.”

 मी पदराला हात पुसत बाहेर आले. बायकांनी वाट करून दिली. पाळण्याच्या पलीकडं जाऊन मी हात पसरले.

“धर,” आक्का म्हणाली. “पयला तुझ्या हातात.”

धरला मी त्याला. आता चांगला वजनदार झाला होता, आणि मला बघून त्यानं ओट्यावरच्यासारखंच भोकाड पसरलं. दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. पावसाळी वारं आत आलं, पाळण्यावरच्या चिमण्या गरागरा फिरल्या, त्याच्या डोक्यावरचं कुंची-टोपरं मागं सरकलं. टाळू उघडी पडली.

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. आक्कानं मान डोलावली. ते टोपरं मी तसंच राहू दिलं.